छापखाना, बाड आणि पोथी : सतराव्या शतकाच्या मध्यातील इंग्रजी व मराठी कवितेचा प्रसार

सतराव्या शतकाच्या मध्यात, म्हणजे ढोबळमानाने १६४० ते १६६० या दोन दशकांत, लंडनमध्ये छापली गेलेली कविता हा इंग्रजी वाङ्मयेतिहासातील भरपूर अभ्यासला गेलेला भाग आहे. याच दोन दशकांत तुकारामांचे अभंग आणि रामदासांचा दासबोध मराठीत आकाराला आले असल्याने मराठी वाङ्मयेतिहासातही या काळावर लिहिणाऱ्यांची वाण कधी पडली नाही. तरीही हे दोन इतिहास एकमेकांच्या शेजारी ठेवून वाचण्याची पद्धत आपल्याकडे रूढ नाही. भोपाळ, इंदूर किंवा नागपूर येथील मराठी वाचकाला मिल्टन आणि हेरिक भेटतात ते महाविद्यालयाच्या वर्गात, तर तुकाराम भेटतात घरी किंवा भजनात. दोघांचा काळ एकच होता, हे त्याच्या ध्यानात सहसा येत नाही. या दोन परंपरांना जोडणारा एक दुवा मात्र प्रत्यक्ष अस्तित्वात आहे. विल्टशायरमध्ये जन्मलेल्या एका इंग्रज जेझुइटाने मराठी ओवीत रचलेले ख्रिस्तपुराण गोव्यातील छापखान्यातून प्रथम १६१६ साली, आणि नंतर १६४९ व १६५४ साली, असे तीनदा छापून निघाले. मुद्रणाचा काळ हीच कसोटी मानली, तर सतराव्या शतकाच्या मध्यात एका इंग्रजाने रचलेल्या आणि छापून प्रसिद्ध झालेल्या दीर्घकाव्यांच्या यादीत या मराठी ग्रंथाला जागा द्यावी लागते.

प्रस्तुत आढाव्याचा विषय ही कसोटीच आहे. एखादी कविता छापली गेली की नाही, एवढ्यावरून तिचा तत्कालीन प्रसार आणि पुढचे आयुष्य यांबद्दल काय सांगता येते? इंग्लंड, गोवा आणि महाराष्ट्र या तीन ठिकाणचा पुरावा एकत्र पाहिला, तर फार थोडे सांगता येते असे दिसते; आणि मुद्रणाच्या सनावळीवर उभारलेला इतिहास तिन्ही ठिकाणी कमीअधिक प्रमाणात फसवा ठरतो.

इंग्लंडचे चित्र प्रथम पाहणे सोयीचे, कारण तेथे छापखाना सर्वांत जुना आणि सर्वांत मोकळा झालेला होता. राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यातील संघर्ष पेटल्यावर १६४१ साली स्टार चेंबर हे राजाच्या हातचे न्यायपीठ बरखास्त झाले, आणि मुद्रणावर त्याचा जो वचक होता तोही नाहीसा झाला. १६४३ साली पार्लमेंटने परवानगीची सक्ती पुन्हा आणली, तरी तोवर पत्रकांचा पूर लोटला होता. जॉर्ज थॉमसन या लंडनच्या पुस्तकविक्रेत्याने १६४० ते १६६१ या काळात रोज हाती येईल ते छापील साहित्य जमवले. त्याच्या संग्रहात सुमारे २२ हजार नगांची भर पडली. १६४२ साली नाटकगृहे बंद झाल्यावर ज्यांना नाटक पाहायचे होते त्यांना ते वाचण्यावाचून गत्यंतर उरले नाही, आणि हंफ्री मोझली या प्रकाशकाने ही संधी नेमकी हेरली. मिल्टन, वॉलर, क्रॅशॉ, सकलिंग, काउली आणि व्हॉन या कवींची पुस्तके त्याने अवघ्या काही वर्षांत एकामागून एक बाजारात आणली. आज ज्याला त्या पिढीची कविता म्हटले जाते तिचा साचा बऱ्याच अंशी या एका दुकानदाराच्या आवडीनिवडीने घडवला. हेरिकचा ‘हेस्पेरिडीज’ हा हजाराहून अधिक कवितांचा संग्रह १६४८ साली निघाला, आणि राजपक्षाच्या लव्हलेसचा ‘लुकास्टा’ १६४९ साली, म्हणजे राजाचा शिरच्छेद झाला त्याच वर्षी. हेरिक, लव्हलेस यांच्यासारख्या राजनिष्ठ, दरबारी आणि प्रेमविषयक कविता लिहिणाऱ्यांना कॅव्हेलियर कवी म्हणतात; परस्परांशी दूरान्वयानेही संबंध नसलेल्या कल्पनांना तर्काच्या ताकदीने एकत्र जुंपणाऱ्या डन, हर्बर्ट, मार्व्हेल, व्हॉन आदींना मेटॅफिजिकल कवी म्हणतात. ही लेबले पुढच्या काळातली आहेत, आणि त्यांच्या सरहद्दी वाटतात तितक्या पक्क्या नाहीत.

या यादीत जे नाही ते अधिक बोलके आहे. डन आणि हर्बर्ट यांचे संग्रह १६३३ साली निघाले तेव्हा दोघेही हयात नव्हते. डनची कविता तर त्याच्या हयातभर मुख्यतः मित्रमंडळीत हाताने उतरवलेल्या प्रतींतून फिरत राहिली, कारण कुलीन माणसाने पैशासाठी कविता छापणे त्या समाजात कमीपणाचे समजले जाई. पार्लमेंटचा सेनापती क्रॉमवेल आयर्लंडहून परतल्यावर १६५० साली मार्व्हेलने लिहिलेली ‘होरेशियन ओड’ ही राजकीय कविता आज त्या काळाचा सर्वोत्तम दस्तऐवज मानली जाते. ती तेव्हा छापली गेली नाही, १६८१ साली कवीच्या मृत्यूनंतरच्या संग्रहात घातली गेली ती बहुतेक प्रतींतून काढून टाकली गेली, आणि सर्वसाधारण वाचकाच्या हाती १७७६ साली पडली. ॲन ब्रॅडस्ट्रीट ही न्यू इंग्लंडमध्ये राहणारी कवयित्री. तिच्या कवितांचे बाड तिच्या मेव्हण्याने परस्पर लंडनला नेऊन १६५० साली छापले. ट्रॅहर्नची हस्तलिखिते १८९० च्या दशकाच्या उत्तरार्धात लंडनमधील जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर सापडली आणि त्याची कविता १९०३ साली प्रथम छापली गेली, तोवर हा कवी इंग्रजी साहित्यात जणू अस्तित्वातच नव्हता. हस्तलिखितातून कविता फिरवण्याची ही इंग्रजी रीत मराठी वाचकाला मुळीच परकी वाटू नये.

गोव्यातील परिस्थिती वेगळी होती, आणि तिचा तपशील पाहिल्याशिवाय ख्रिस्तपुराणाचे स्थान कळत नाही. १५५६ साली गोव्याच्या सेंट पॉल महाविद्यालयात छापखाना आला. हा भारतातला पहिला छापखाना. तो मिशनऱ्यांच्या ताब्यात होता आणि त्याची लिपी रोमी होती. ख्रिस्तपुराणाचे कर्ते थॉमस स्टीफन्स १५७९ च्या एप्रिलमध्ये लिस्बनहून निघाले आणि ऑक्टोबरमध्ये गोव्यास पोहोचले. त्या प्रवासाचे वर्णन करणारे त्यांचे वडिलांना लिहिलेले पत्र हॅक्लुट या प्रवासवर्णनांच्या संग्राहकाने इंग्लंडमध्ये छापले, आणि भारतात स्थायिक झालेला पहिला इंग्रज अशी त्यांची ख्याती मुख्यतः त्या पत्रावर उभी आहे. १६१९ साली मृत्यू येईपर्यंत, म्हणजे सुमारे चाळीस वर्षे, त्यांचे वास्तव्य बव्हंशी साष्टी प्रांतात, मडगाव आणि राशोल यांच्या आसपास होते. १५८३ साली भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी येथील भाषांची ठेवण ग्रीक व लॅटिन यांच्याशी मिळतीजुळती असल्याचे नोंदवले. युरोपीय भाषाशास्त्राने हा धागा हाती घेतला तो त्यानंतर दोनशे वर्षांनी. कोकणीचे त्यांचे व्याकरण मृत्यूनंतर १६४० साली राशोलला छापले गेले, आणि ते कोणत्याही भारतीय भाषेचे पहिले छापील व्याकरण मानले जाते.

ख्रिस्तपुराणाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात सृष्टीची उत्पत्ती, देवदूतांचे पतन, आदम आणि एवा यांच्यापासून तारकाच्या आगमनाच्या भाकितांपर्यंतची कथा ३६ अवस्वरांत येते, आणि दुसऱ्यात ख्रिस्ताचे चरित्र ५९ अवस्वरांत. अवस्वर हे या ग्रंथातील सर्गाचे नाव आहे. ओव्यांची एकूण संख्या ११ हजारांच्या घरात जाते. ओवी हा मराठी ग्रंथरचनेचा प्रमुख छंद. त्यात पहिले तीन चरण सयमक आणि चौथा बहुधा आखूड व यमकाविना असतो, पण चरणातील अक्षरांची संख्या बांधलेली नसते, त्यामुळे कथा सांगायला तो जेवढा ऐसपैस तेवढाच उपदेशालाही सोयीचा. स्टीफन्स यांनी हा छंद नुसता उचलला नाही, तर त्याबरोबर पुराणाची सगळी मांडणी उचलली: वक्ता आणि श्रोता, श्रोत्याची शंका, वक्त्याचे उत्तर, आरंभी नमन, मध्येच भाषेची स्तुती. ग्रंथाच्या आरंभी एक ब्राह्मण ख्रिस्ती श्रोता वक्त्याला विचारतो की जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी आम्हाला दुसरे पुराण का देत नाही. आणि या प्रश्नामागे गोव्याचा सबंध इतिहास आहे. पोर्तुगीज सत्तेने देवळे मोडली होती, मराठी पोथ्या जप्त केल्या होत्या, १५६० साली इन्क्विझिशन हे धर्मन्यायालय बसवले होते; धर्म बदललेल्या माणसाला सणावारी वाचायला किंवा ऐकायला स्वतःच्या भाषेत काही उरले नव्हते. ख्रिस्तपुराण हे त्या रिकाम्या जागेसाठी रचलेले काव्य आहे. रोजच्या बोलीसाठी कोकणी आणि काव्यासाठी मराठी अशी जी वाटणी गोव्यात पूर्वीपासून होती, तीही स्टीफन्स यांनी तशीच पाळली: व्याकरण लिहिले ते कोकणीचे, पुराण रचले ते मराठीत.

पाद्र्यांच्या या काव्यात स्वर्गाला वैकुंठ म्हटलेले पाहून अनेक अभ्यासकांना आश्चर्य वाटले आहे. त्यात आश्चर्य फारसे नाही. ज्याला श्रोत्याच्या कानापर्यंत पोहोचायचे आहे त्याला त्याच्या कानात आधीपासून असलेले शब्द वापरावेच लागतात. नवल आहे ते याचे, की एका परकीयाची ओवी ज्ञानेश्वर-एकनाथांच्या वळणाची इतकी सहज होऊ शकली.

स्टीफन्स यांना आपला ग्रंथ रोमी लिपीत छापायचा नव्हता. डिसेंबर १६०८ मध्ये रोममधील आपल्या संघप्रमुखांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी देशी भाषेत आणि देशी लिपीत पुस्तके छापली जावीत अशी पुष्कळ वर्षांची इच्छा व्यक्त केली. मलबारात तसे घडले होते. गोव्यातील अडचण म्हणून त्यांनी जे कारण दिले ते छापखान्याच्या कामाचे आहे: युरोपात २४ अक्षरांचे साचे पुरतात, तर येथे जोडाक्षरे धरून सुमारे ६०० साचे पाडावे लागतील, आणि हे काम कोणाला आवाक्यातले वाटत नव्हते. अखेर पुराण रोमी अक्षरांतच निघाले. मराठीतल्या मूर्धन्य वर्णांसाठी त्या लिपीत चिन्हे नसल्यामुळे एकच अक्षर दोनदा लिहिण्याची युक्ती करावी लागली. ‘पुराण’ या शब्दातल्या ‘ण’साठी ‘एन’ हे अक्षर दोनदा येते, आणि ‘श’साठी पोर्तुगीज रीतीप्रमाणे ‘एक्स’ येतो. अशा अक्षरांतून मराठी ओवी मोठ्याने वाचणारा साष्टीतला गावकरी हा मराठी वाङ्मयाचा पहिला मुद्रित-वाचक होय, ही गोष्ट मराठीच्या इतिहासकारांनी बराच काळ जरा बाजूलाच ठेवली.

स्टीफन्स एकटे नव्हते. एतियेन द ला क्रुवा या फ्रेंच जेझुइटाने संत पीटरच्या चरित्रावर बारा हजारांहून अधिक ओव्यांचे पुराण रचले, आणि ते १६२९ ते १६३४ या काळात गोव्यात छापले गेले. त्याचा सूर स्टीफन्सच्या सुरापेक्षा बराच कर्कश आहे: हिंदू देवदेवतांचे खंडन हाच त्याचा मोठा भाग. अशा खंडनासाठी द ला क्रुवा यांनी मराठी ग्रंथ किती बारकाईने वाचले होते हे त्यातून दिसते, तरी काव्य म्हणून तो ग्रंथ थकवतो. अंतोनी द साल्दान्य यांचे संत अंतोनीचे चरित्र १६५५ साली राशोलला छापले गेले. वसई-मुंबईच्या ख्रिस्ती समाजात वाचले जाणारे, ख्रिस्ताच्या यातनांवरील पुराण फ्रान्सिस्कन पंथाच्या फ्रान्सिस्कु व्हाझ द गिमाराइन्श यांचे असून त्याच्याशी १६५९ हे साल जोडले जाते. त्याची भाषा उत्तर कोकणच्या बोलीला जवळची आहे. यानंतर धार जाते. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने देशी भाषेच्या वापरावर बंदी घालणारा हुकूम काढला, गोव्यातील छपाई त्या सुमारास थंडावली होतीच, आणि ती पुन्हा सुरू व्हायला १८२१ साल उजाडावे लागले.

आता या छापील ग्रंथांचे काय झाले ते पाहावे. ख्रिस्तपुराणाच्या १६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो हाताने उतरवलेल्या नकलांमुळे, आणि त्या नकला ज्यांनी केल्या ते गोव्यातले तसेच गोव्याहून कानडा प्रांतात जाऊन स्थायिक झालेले ख्रिस्ती कुटुंबीय होते, ज्यांच्याकडे उपवासकाळात हे पुराण वाचण्याचा प्रघात होता. जोसेफ साल्डान्य यांनी १९०७ साली मंगळूरला ख्रिस्तपुराणाची रोमी आवृत्ती काढली ती अशाच हस्तलिखितांवरून. छापील प्रत नाहीशी झाली आणि हाताने केलेली नक्कल टिकली, हा क्रम मुद्रणाच्या इतिहासात नेहमी सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीच्या अगदी उलटा आहे. द ला क्रुवा यांच्या ग्रंथाची गत याच्या उलट झाली: त्याच्या छापील प्रती ग्रंथालयांत टिकल्या, पण त्याला गाणारा समाज मिळाला नाही, आणि तो आज केवळ अभ्यासकांपुरता उरला आहे.

महाराष्ट्रात छापखाना मुळात नव्हताच, पण कवितेच्या प्रसाराची यंत्रणा मात्र पक्की होती. तिची दोन साधने होती. पहिले बाड: कागदाच्या आखूड बाजूने शिवलेली, हिशेबाच्या वहीसारखी उभी उघडणारी वही, जी कीर्तनकार जवळ बाळगी आणि जीत अभंग, पदे, दृष्टांत, आठवणीसाठीच्या खुणा असे सगळे एकत्र उतरवलेले असे. दुसरे पोथी: सुट्या पानांची, लाकडी पाट्यांमध्ये बांधलेली, एकाच ग्रंथाची शुद्ध प्रत. बाड हे गाण्यासाठी आणि पोथी ही वाचण्यासाठी. अमेरिकन अभ्यासक क्रिश्चन नोवेट्झके यांनी नामदेवांच्या परंपरेचा अभ्यास करताना हा भेद स्पष्ट मांडला, आणि तो सतराव्या शतकाच्या कवितेलाही तंतोतंत लागू पडतो.

तुकारामांचे अभंग पहिल्या साधनाने फिरले. ते १६५० साली गेले. तोवर त्यांची कविता देहूच्या पंचक्रोशीबाहेर किती दूरवर पोहोचली होती, याची समकालीन साक्ष संत बहिणाबाईंच्या आत्मचरित्रपर अभंगांत मिळते. कोल्हापुरात असताना जयराम गोसावींच्या कीर्तनात त्यांनी तुकारामांची पदे ऐकली, त्यांनी भारावून जाऊन तुकारामांना गुरू मानले, आणि देहूला त्या नंतर गेल्या. लंडनमधील मोझलीच्या दुकानातून जे काम पुस्तक करत होते ते येथे एका कीर्तनकाराचे बाड आणि आवाज करत होता, आणि तेही कवीच्या हयातीत. इंद्रायणीत वह्या बुडवल्याची आणि त्या तेरा दिवसांनी वर आल्याची परंपरागत कथा चमत्कार म्हणून सांगितली जाते; लोकांच्या मुखी असलेली कविता बुडत नाही असा तिचा अर्थ लावणारेही पुष्कळ आहेत. काहीही असो, अभंगांच्या प्रती अनेक हातांनी झाल्या होत्या हे निर्विवाद आहे, आणि संताजी जगनाडे यांच्या वह्या हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण.

रामदासांचा दासबोध दुसऱ्या साधनाने, म्हणजे पोथीने फिरला. २० दशक, प्रत्येक दशकात १० समास, एकूण साडेसात हजारांहून अधिक ओव्या असा हा बांधेसूद ग्रंथ. सहाव्या दशकात कलियुगाची ४७६० वर्षे लोटल्याचा उल्लेख असल्याने त्याची रचना निदान अंशतः १६५९ च्या सुमारास चालू होती असे धरता येते. एकोणिसाव्या दशकाच्या पहिल्याच समासात लेखनक्रियेचे निरूपण आहे, आणि मराठीतील हस्तलिखित-प्रसाराची यंत्रणा आतून कशी चाले याचा इतका नेमका पुरावा त्या काळात दुसरा क्वचितच मिळेल. अक्षर वाटोळे, सरळ आणि मोकळे असावे. पहिल्या ओळीची लेखणी शेवटच्या ओळीपर्यंत तशीच राहिली आहे असे वाटावे. पानाच्या चारही कडांना जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागत नाही. तरुणपणी फार बारीक लिहू नये, कारण म्हातारपणी ते वाचता येत नाही. पुढे बोरू, शाई, कातर, मेणकापड, पेट्या यांची यादी येते. हे उपदेशाचे काव्य असले तरी येथे बोलतो तो शेकडो प्रती कशा काढून घ्यायच्या आणि त्या पिढ्यान्‌पिढ्या कशा टिकवायच्या याचा विचार केलेला माणूस आहे. मठांचे जाळे उभारणाऱ्याला ग्रंथाच्या नकलांचे जाळेही उभारावे लागते, हे रामदासांना पुरते ठाऊक होते; मोझली आणि रामदास यांची तुलना विचित्र वाटेल, पण प्रसाराच्या व्यवहाराची जाण दोघांनाही सारखीच होती.

या दोन मोठ्या नावांच्या सावलीत बाकीचे राहून जातात. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा योगसंग्राम १६४५ चा. एकनाथांचे नातू मुक्तेश्वर यांनी महाभारताची काही पर्वे ओवीत आणली. अफजलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा १६५९ च्या घटनेचा आहे. इंग्लंडमध्ये राजाच्या शिरच्छेदावरची गाणी एकेका पानावर छापून रस्त्यात विकली जात, तर हा पोवाडा शाहिरांच्या तोंडून फिरला आणि ॲकवर्थ व शाळिग्राम यांच्या पोवाड्यांच्या संग्रहातून १८९१ साली छापात आला. बंगळुरात शहाजी राजांच्या पदरी असलेल्या जयराम पिंड्ये यांचे राधामाधवविलासचंपू तर अनेक भाषांतील कवींचा दरबार उभा करते. ते राजवाड्यांनी १९२२ साली संपादित केले.

देवनागरी मुद्रणाचा एक प्रयत्न या सुमारास झाला होता, हेही येथे नोंदवणे आवश्यक आहे. सुरतेचे व्यापारी भीमजी पारेख यांच्या आग्रहावरून ईस्ट इंडिया कंपनीने १६७४ साली हेन्री हिल्स नावाचा मुद्रक मुंबईला पाठवला. पारेख यांना देशी अक्षरांत जुने ग्रंथ छापायचे होते. मुद्रक छापू शकत होता, पण खिळे पाडू शकत नव्हता. स्टीफन्स यांनी १६०८ मध्ये सांगितलेली अडचण साठ-पासष्ट वर्षांनीही जिथल्या तिथे होती, आणि ती सुटली ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, सेरामपूरला.

छपाई आली तेव्हा तिने या कवितेला नवे रूप दिले, आणि या रूपाची चिकित्सा हाच पुढच्या दीडशे वर्षांच्या अभ्यासाचा मुख्य विषय राहिला. परशुरामतात्या गोडबोले यांच्या नवनीताने (१८५४) शाळेत जाणाऱ्या पिढीच्या मनात प्राचीन मराठी कवितेचा एक ठरावीक साचा बसवला. तुकारामांच्या गाथेची चिकित्सक आवृत्ती शंकर पांडुरंग पंडित आणि विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांनी मुंबई सरकारच्या मदतीने १८६९ आणि १८७३ साली दोन खंडांत, इंदुप्रकाश छापखान्यातून काढली, ती देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर येथील हस्तलिखितांवरून. त्या आवृत्तीचे महत्त्व कोणी नाकारत नाही. पण तिने भाषा बरीच एकसारखी केली आणि कीर्तनातील क्रम मोडून अभंगांना ओळीने क्रमांक दिले, त्यामुळे गाण्यासाठी रचलेली कविता वाचण्याची झाली. विनायक लक्ष्मण भावे यांनी जगनाडे यांच्या वह्यांवरून १९१९-२० मध्ये जी गाथा छापली तिच्यामागे हाच असंतोष होता. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देव यांनी डोमगाव मठातील कल्याणस्वामींच्या प्रतीवरून दासबोध १९०५ साली प्रसिद्ध केला. त्या वेळी वाद थोडे झाले, कारण रामदासी पोथी परंपरेत प्रतींमधली तफावतच मुळात कमी होती. बाडातून आलेला ग्रंथ आणि पोथीतून आलेला ग्रंथ यांच्या संपादनाच्या समस्या वेगळ्या असतात, आणि मराठीत हा फरक सिद्धान्त म्हणून मांडण्याआधी संपादकांनी तो हाताने अनुभवला होता.

गोव्यातल्या वाङ्मयाकडे मराठी विद्वत्तेचे लक्ष जायला आणखी वेळ लागला. अ. का. प्रियोळकर यांनी मुद्रणाचा इतिहास आणि गोमंतकीय ग्रंथ यांचा एकत्र अभ्यास केला, आणि हा भाग त्यांच्यामुळे मराठी वाङ्मयेतिहासात पक्का बसला. शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली ख्रिस्तपुराण देवनागरीत आणले आणि फादर कारिदाद द्रागो यांनी १९९६ साली त्याची नवी आवृत्ती काढली. रोमी अक्षरांतून देवनागरीत येताना प्रत्येक संपादकाला शब्दागणिक निर्णय घ्यावा लागतो, कारण जुन्या रोमी लेखनात ऱ्हस्व-दीर्घ आणि दंत्य-मूर्धन्य यांचा भेद सर्वत्र सारखा पाळलेला नाही.

सर्वांत खोल वाद मात्र मार्सडेन हस्तलिखिताचा आहे. विल्यम मार्सडेन या प्राच्यविद्यापंडिताच्या संग्रहातून लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेकडे आलेल्या पोथ्यांमध्ये ख्रिस्तपुराणाची देवनागरी प्रत आहे, हे जस्टिन ॲबट यांनी १९२० च्या दशकात जाहीर केले. ॲबट हे मुंबईत काम केलेले अमेरिकन मिशनरी, आणि बहिणाबाईंचे आत्मचरित्र इंग्रजीत नेणारेही तेच. वर तुकारामांच्या प्रसाराची जी साक्ष आली ती इंग्रजी वाचकापर्यंत पोहोचली ती त्यांच्यामुळेच. लंडनच्या या प्रतीत, रोमी पाठात जेथे पोर्तुगीज धर्मसंज्ञा आहेत तेथे पुष्कळदा संस्कृत शब्द येतात. ॲबट यांच्या मते स्टीफन्स यांनी मूळ देवनागरीतच, संस्कृत संज्ञा वापरून लिहिले, आणि छापताना किंवा धर्मसत्तेच्या तपासणीत त्यांच्या जागी पोर्तुगीज शब्द आले. १६०८ च्या पत्राशी हे मत जुळते. पण उलट दिशेने झालेले बदलही अशक्य नाहीत: गोव्याबाहेरच्या, पोर्तुगीज न जाणणाऱ्या वाचकांसाठी कोणी जाणत्याने पोर्तुगीज शब्द काढून संस्कृत घातले असतील, असे मानणारा पक्षही तितकाच समर्थनीय आहे. निर्णय करायचा तर पाठातूनच करावा लागेल, आणि तेथे ओवीचा सैलपणा आड येतो. चरणातील अक्षरसंख्या ठरलेली नसल्याने ओळीच्या मध्ये एका शब्दाऐवजी दुसरा बसवला तरी छंद तक्रार करत नाही. अभंगाच्या किंवा इंग्रजी दहा-अवयवी द्विपदीच्या बाबतीत अशी अदलाबदल लगेच उघडी पडली असती. साक्ष देऊ शकतात ते फक्त पहिल्या तीन चरणांच्या शेवटी, यमकाच्या जागी आलेले शब्द, कारण तेथे संज्ञा बदलली की तिच्याबरोबर आणखी दोन ओळी बदलाव्या लागतात. आणि दोन्ही पाठांतील अशा जागा ओवीगणिक ताडून पाहणे हाच या वादातला सर्वांत खात्रीचा पुरावा ठरेल.